पट्टीतून एक वजा

संगमेश्वरच्या पुलाच्या खांबावर पाण्याची पट्टी रंगवलेली आहे. पावसाळ्यात आम्ही दोघं मित्र नदीच्या वरच्या अंगाला वल्ह्याची छोटी कयाक घालायचो ते ह्या पट्टीच्या भरवशावर. तीन मीटरला नदी खेळवते, चारला बुडवते, एवढं साधं गणित. आम्ही राहायला रत्नागिरीत, आणि वर जाणारा फाटा पुलाच्या अलीकडेच, पट्टी दिसायच्या आत वळतो. म्हणून निघण्याआधी मित्राच्या आईला फोन करायचा. तिचं घर पुलाशेजारी, पडवीतून पट्टी समोर दिसते.

पण नवरा जहाजावर, मुलगाही जहाजावर, रजेपुरता घरी. पाण्याशी त्या बाईचं जन्माचं भांडण. मन चिंती ते वैरी न चिंती. ती आकडा एकाने चढवून सांगायची आणि वर म्हणायची, "जाऊ नको." पहिल्याच वर्षी मित्राने तिच्या पडवीतून पट्टी पाहिली आणि गुपचूप हसला. तिला तोंडावर कधी पकडलं नाही. ती चार म्हणाली की आम्ही तीन धरायचे आणि निघायचं. मला ही तडजोड फार आवडायची. आईला काळजी केल्याचं समाधान, आम्हाला नदी.

गेल्या पावसाळ्यात त्याची सगळी रजा लग्नांच्या जेवणावळींत गेली. उरला एकच दिवस, दुसऱ्या दिवशी जहाज गाठायचं होतं. त्याने फोन लावला.

"चार हाय, बाला. सांभाळून जा."

जाऊ नको म्हणाली नाही, हे आमच्या कानांवरून गेलं. एक वजा केला आणि निघालो.

पाण्यात उतरायच्या जागी एक कातळ आहे, आम्ही त्याला म्हैस म्हणतो. तीनला तिची पाठ उघडी असते. त्या दिवशी म्हैस नव्हतीच. लाल पाणी तिच्यावरून सरळ निघालं होतं. मी घाबरलो, लपवण्यात अर्थ नाही. मित्राने पुन्हा फोन लावला.

"आई, खरा किती?"

"चारच. आज खोटा नाय सांगितला. चार सांगितला तरी तुमी जातासच, नि हसत परत येतास. म्हटलं, चारला काय होत नसेल. उद्या चाललास, एकदा तरी तुझ्या मनासारखा होऊं दे."

त्याने कयाक पाण्यापासून मागे ओढली आणि म्हणाला, "आई, जेवायला येतोय."

जेवताना त्याने तिला सगळं, वजाबाकीसकट, सांगितलं. तिने त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला, मग ताटात आणखी दोन सांदणं वाढली आणि आत जाऊन रडली. आम्ही दोघं खाली मान घालून जेवलो.

यंदा तो समुद्रावर आहे. मी एकटा नदीत उतरत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी पाऊस लागला की सकाळी तिचा फोन येतो, "तीनाच्या वर हाय." मी बरं म्हणतो. वजा काही करत नाही.