‘कायमचे बंद’

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर लिहायला बसलोय, याबद्दल आधीच माफी मागतो.

दंगलीत पप्पांचं सलून फोडलं. जमावाने खुर्ची उचलून आरशावर घातली, पप्पांना फरफटत रस्त्यावर आणलं आणि लोखंडी गजाने त्यांचा उजवा हात ठेचला. त्यातल्या दोघांची दाढी पप्पांनी त्याच आठवड्यात केली होती. पुढे ऑनलाइन नकाशावर कुणीतरी दुकानाच्या नावापुढे ‘कायमचे बंद’ असं टाकलं. मला तोही एक घावच वाटला.

हाड जुळलं, तरी पप्पा तिकडे फिरकेनात. म्हणायचे, “हात थरथरतो रे. या वस्तऱ्याखाली मान कोण देईल?”

पण ती नोंद बदलायला नकाशावाल्या कंपनीला मालकाने स्वतः कुलूप उघडल्याचा व्हिडिओ हवा होता. म्हणून ते आले. मी मोबाइल धरला. शटरला गजाचे पोचे होते. आत पायाखाली काचा करकरल्या. त्या दिवशी शेजाऱ्यांनी पप्पांना उचलून ज्या खुर्चीत बसवलं, तिच्या उशीवर रक्ताचा काळा डाग होता.

“हे पण येतंय का त्यात?”

“येतंय, पप्पा.”

“येऊ दे. दुकान माझंच आहे, हे तरी पटेल त्यांना.”

फोडायला कुणाला कसलाच पुरावा लागला नव्हता, असं मनात आलं. आम्ही काचा झाडल्या. मी होस्टेलवर परतलो. चार दिवसांनी नकाशावर दुकान ‘सुरू’ दिसलं, तरी घरून काही कळेना.

आज आईचा फोन आला. नकाशा बघत एक बाई भावाला घेऊन आली होती, बाळाचं जावळ काढायला. पप्पांनी वस्तरा फिरवला, आणि मामाच्या मांडीवर बाळ झोपून गेलं.