भूल देण्याआधीची फुंकर

गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती, तरी बाबांच्या छातीत बसलेली कापसाची धूळ काही निघाली नव्हती. त्यात पित्ताशयात खडे निघाले. घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन ठरलं. साहेबांशी भांडून मी पंधरा दिवसांची रजा मिळवली.

आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. छातीला नळी लावून त्यांनी विचारलं, "बिडी ओढता?"

"कधीच सोडलंय," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

बाईंनी काडी पेटवली आणि बाबांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली. "आ करा आणि ओठ न मिटता विझवा." आमच्या बाबांनी काय करावं? सवयीनं दोन्ही हातांचा आडोसा धरला, ज्योत विझू नये म्हणून! बाई हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा काडी पेटली. बाबांनी जीव खाऊन फुंकलं. ज्योत जरा हलली आणि तशीच जळत राहिली.

"उद्या ऑपरेशन नको," बाई मला म्हणाल्या. "पोट कापल्यावर खोकताना दुखतं. यांच्या श्वासात जोर नाही. कफ अडकला तर न्यूमोनिया होईल, आणि मग जिवावर बेतेल. बिडी बंद करा, छातीचे व्यायाम करा, तीन आठवड्यांनी या."

माझं डोकंच फिरलं. "एका काडीवरून ठरवता? मला पुन्हा रजा कोण देणार?" आणखी बरंच बोलले. आज आठवलं की लाज वाटते.

"मी उद्या भूल देणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे मी सगळा राग बाबांवर काढला. देव्हाऱ्यामागे सापडलेलं बिडीचं बंडल मोरीत भिजवलं. रोज दोनदा वाफ, लांब श्वास, फुगे फुगवणं. शेजारीण विचारायची, वाढदिवस कुणाचा? बाबा कुरकुरायचे, "गे चेडवा, ऑपरेशन परवडला, पण तू नको!"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पोटावर उशी दाबून बाबा खोकले आणि कफ सुटला. तापही आला नाही. मी तिथेच रडले. त्यानंतर बाबा आम्हाला बरीच वर्षं लाभले. ते त्या बाईंचेच उपकार.

कफ सुटला त्याच दिवशी संध्याकाळी त्या बघायला आल्या, तेव्हा मी हात जोडले. "त्या दिवशी मी फार बोलले, माफ करा."

"बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या. "घरी पाठवलेला पेशंट बिडी ओढतच परत येतो, ही मला धास्ती असते. तुमचा आवाज ऐकला आणि म्हटलं, यांना घरी पाठवायला हरकत नाही."