सातांतला बोलुहान

बोलुहानकडे मेंढरं बेताची होती. घोडी होती एक, ती प्रत्येक शर्यतीत शेवटची यायची आणि वर त्यालाच चावायची. तो गोष्ट सांगायला लागला की माणसं शेकोटी सोडून थंडीत जाऊन उभी राहायची. पण यिन डोंगराच्या पायथ्याशी कुठल्याही तंबूत तो शिरला, की म्हातारेकोतारे सरकून त्याला उबेची जागा द्यायचे. कारण एकच, तो सातांतला होता.

आपल्या शिआनबेई लोकांत, म्हणजे माळावर तंबू घेऊन फिरणाऱ्यांत, खान काही उंच खुर्चीवर चढून बसत नाही. ते चाळे तटबंदीतल्या लोकांचे. आपल्याकडे सात घरांतले सात जण वाकून उभे राहतात, त्यांच्यावर लोकरीचा जाड काळा बुरणूस टाकतात, त्या बुरणुसावर नवा खान चढतो आणि पश्चिमेकडे तोंड करून आभाळाला नमस्कार घालतो. देवऋषीण ढोल बडवते. नमस्कार धड पार पडला की झाला खान. सातांतला कुणी कामातून गेला आणि जागा घ्यायला मुलगा नसला, तर त्याचं घर कायमचं बाद आणि जागा जवळच्या सोयऱ्याला. बोलुहानचा जवळचा सोयरा म्हणजे बायकोचा भाऊ शिगेन. हा शिगेन दर हिवाळ्यात येऊन बोलुहानच्या तब्येतीची चौकशी करायचा आणि तब्येत चांगली आहे म्हटलं की त्याचं तोंड पडायचं.

बोलुहान पहिल्यांदा बुरणुसाखाली गेला तेव्हा नवा जावई होता, सासऱ्याच्या तंबूवर रीतीप्रमाणे चाकरी करत होता, म्हणजे शेण गोळा करत होता. वडिलांचे गुडघे गेले म्हणून जागा त्याच्याकडे आली. त्या वेळचा खान उगुई, म्हातारा आणि वाळून चिपाड झालेला. सात जवान गडी दातओठ खाऊन तयार उभे, आणि वर आलं काय, तर एका शेळीएवढं ओझं! सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि खान उडाला की हो हातभर! परत बुरणुसावरच पडला, हे नशीब. देवऋषीण खुर्जी मोठी हुशार बाई. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं, की आभाळाने खानाला वर बोलावून शाबासकी दिली.

या उगुई खानाने गादीवर आल्या आल्या शिट्टी वाजवायला बंदी केली. सगळे आपल्यालाच शिट्टी मारतात असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मग काय विचारता! माणसं कुरणात घोड्यांना नावाने हाका मारत हिंडायची, आणि निम्म्या घोड्यांची नावं सारखीच. एकाला बोलावलं की दहा यायचे, नाहीतर एकही यायचा नाही. खान गेला त्या दिवशी अख्ख्या कुरणावर जी शिट्ट्यांची झुंबड उडाली, तिला शोक म्हणायचं की काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

दुसरा सेलुन खान. हा बुटांना लोखंडी खिळे ठोकून आला आणि नेमका बोलुहानच्या पाठीवर टाच रोवून उभा राहिला. बोलुहानने हूं की चूं केलं नाही. खिळ्यांचे ते वण तो पुढे कुणालाही दाखवायचा, न विचारता, जेवताना सुद्धा. सेलुनला तटबंदीची हौस. त्याने माळावर चौफेर मातीची मोठी भिंत घालून घेतली, आत काहीच नाही. मेंढरं आत शिरायची आणि दार विसरायची, मग बाया हाडहाड करत त्यांना शोधायच्या. भिंत किती पक्की आहे हे दाखवायला खान एकदा तिच्यावर घोड्यावरून चढला. भिंत पक्कीच होती, घोडाही शहाणा होता, तो ऐनवेळी थांबला. खान थांबला नाही.

मग पाळी आली तोगानची.

तोगान म्हणजे माणूस नव्हे, डोंगराचा तुकडा. त्याचा घोडा त्याला बघून खाली बसायचा. एकट्याने अख्खी मेंढी खाऊन तो विचारायचा, जेवण कधी आहे? आणि नेमक्या त्याच वसंतात ओली लोकर उचलताना बोलुहानच्या कमरेत कट्‌ झालं.

त्याची बायको अनाली रोज अस्वलाची चरबी चोळत बसायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

"सांगून टाका खुर्जीला, की होत नाही म्हणून."

"हळू बोल, कुणी ऐकेल."

"ऐकू दे! त्या तोगानला पेलायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? मोडून पडाल, मग तुम्हाला भरवायचं कुणी? मीच ना?"

"अगं, त्या जागेशिवाय आहे काय माझ्याकडे?" बोलुहान पालथा पडल्या पडल्या म्हणाला. "घोडी चावते. गोष्टी कुणी ऐकत नाही. जागा गेली की मी कोण? शिगेनचा दाजी!"

अनालीने चरबीचा हात जरा जोरातच दाबला, मग हलका केला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कमरेमुळे नव्हतं हे तिला कळलं.

शिगेन तर वासावरच होता. एकदा संध्याकाळी पुन्हा आला आणि बघतो तर बोलुहान तंबूच्या दारात काटकोनात उभा.

"काय दाजी, काय शोधताय?"

"सुई पडलीय."

"दुपारी आलो तेव्हाही हेच शोधत होता."

"मोठी सुई आहे, वेळ लागतो!"

"नाही, मी आपलं म्हटलं, वय झालं असेल तर माणसाने मान ठेवून बाजूला व्हावं. आमची पाठ अजून ताजी आहे."

"तुझी पाठ ताजी असणारच, कामाला कधी लावलीस?" बोलुहान खेकसला आणि त्या रागात सरळ उभा राहिला. मग शिगेन जाईपर्यंत तसाच हसत उभा राहिला, दात आवळून.

उत्सवाचा दिवस उजाडला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे बुधले फुटले, सगळा माळ माणसांनी फुलला. सात जण वाकले. बोलुहानला वाकणं काही जड गेलं नाही, तो आधीपासूनच निम्मा वाकलेला होता. वरून काळा बुरणूस पडला आणि आत मिट्ट काळोख झाला. शेजारी एर्मू होता, घोडे खच्ची करणारा, स्वभावाने गरीब, पण रानकांद्यांचा भारी शौकीन.

"एर्मू, तू आज काय खाल्लंस?" कुणीतरी घुसमटत विचारलं.

"थोडंसंच खाल्लं."

"थोडंसं? माझे डोळे चुरचुरतायत रे!"

"गप्प बसा, येतोय तो," बोलुहान म्हणाला.

आणि तोगान वर आला. आई आई गं! सातही जणांच्या तोंडून एकच आवाज निघाला, दारावर उंट बसल्यासारखा. ढोल वाजला. खान पश्चिमेला वळला, गुडघ्यावर टेकला, पहिला नमस्कार घातला. बोलुहानच्या कमरेतून कळ निघाली ती थेट दातात गेली. पडायचं नाही, पडायचं नाही, एवढंच तो मनाशी घोकत होता. दुसऱ्या नमस्काराला खान पुढे झुकला, सगळा भार एर्मूवर आला, आणि त्या भाराने एर्मूच्या पोटातल्या रानकांद्यांनी वाट काढली. केवढ्याने! बाहेर ढोल बडवणारी खुर्जी सुद्धा थांबली.

बुरणुसाखाली सगळ्यांनी ओठ आवळले. मग एक जण खुसखुसला. दुसरा फिसकारला. हसताना माणसाच्या गुडघ्यांत जोर राहत नाही, हे वेगळं सांगायला नको. एकेक करत सहाच्या सहा जण पोट धरून खाली आडवे झाले. बोलुहानलाही हसू आलं होतं, आडवं व्हावंसं वाटलं होतं. पण तेवढ्यात कमरेत पुन्हा कट्‌ झालं आणि त्याचं सगळं अंग तिथल्या तिथे धरलं. पडायचं म्हटलं तरी पडता येईना.

बुरणूस घसरला. लोकांनी बघितलं, तर सहा जवान लोळतायत, आणि मधोमध एकटा बोलुहान उभा. त्याच्या पाठीवर तोगान खान मांड ठोकून बसलेला, बोलुहानची वेणी लगामासारखी धरून.

"एकट्याने!" खुर्जी ओरडली. सांगितलं ना, हुशार बाई. "आभाळाने सहांना बसवलं, एकच खांब ठेवला!"

माळ गर्जून उठला. टोप्या उडाल्या, बुधले उडाले. खान खूश होऊन वरूनच ओरडला, "वाहवा रे गड्या! यापुढे सहा जण हवेत कशाला? दर सणाला मी तुझ्या एकट्याच्याच पाठीवर बसणार! माग, काय हवं ते माग!"

"सरकार," खालून आवाज आला, "आधी उतरा."

खान उतरला. पण बोलुहान तसाच वाकलेला. लोकांना वाटलं, काय ही निष्ठा, एवढा मान मिळाला तरी मुजरा सोडत नाही! म्हणून तेही वाकले. ते वाकले म्हणून मागचे वाकले. थोड्याच वेळात अख्खा माळ वाकलेला आणि एकटा खान मध्ये उभा, डोळे पुसत. "उठ बाबा, उठ," तो म्हणत होता. बोलुहान उठतोय कशाला!

शेवटी अनाली आली. नवऱ्याचं तोंड दिसावं म्हणून गवतात उकिडवी बसली. बोलुहानने तिच्याकडे बघितलं. त्याच्या सात पिढ्यांत कुणाला मिळालं नाही असं नाव आज त्याला मिळालं होतं. ते टिकवायला नुसतं गप्प राहायचं होतं. आणि मग दर सणाला हा डोंगर.

"आता सांगा," ती हळूच म्हणाली. "मी आहे."

बोलुहानने डोळे मिटले. "सरकार, मुजरा नाही हा. कंबर धरलीय. पडताच आलं नाही मला, म्हणून उभा राहिलो."

वाकलेली माणसं एकेक करत सरळ झाली. कुणी खोकलं. खानाने बराच वेळ विचार केला, त्याला सवय नव्हती.

"म्हणजे तू सातांतून बाद," तो शेवटी म्हणाला. "जागा कुणाची मग?"

"मेहुण्याची. शिगेनची."

सगळ्या माना शिगेनकडे वळल्या. शिगेनने खानाकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, मग एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. "दाजी," तो चाचरत म्हणाला, "अहो, एवढी घाई कसली? बरी होईल की कंबर!"

बोलुहानला बैलगाडीत पालथा घालून घरी नेला. महिनाभर तो पडूनच होता. कुणी आलं तर कनातीकडे तोंड करायचा. घोडी दारात येऊन उभी राहायची, पण चावायची नाही, त्यानेच त्याला जास्त वाईट वाटायचं.

तोगान खानाला मात्र वर चढण्याची चटक लागली. पुढच्या वसंतात त्याने पुन्हा बुरणूस काढायला लावला. बोलुहान येणारच नव्हता. अनालीने दंडाला धरून आणला आणि पुढच्या रांगेत बसवला, हातात दुधाचा वाडगा दिला. समोर काळं गाठोडं हललं, त्याखालून चौदा पाय बाहेर आलेले, त्यातले दोन लटलट कापणारे. ते शिगेनचे, हे सांगायला नको. खान वर चढला. ढोल वाजला. बोलुहानने मान वर केली, आणि वाडगा तोंडाशी नेता नेता थांबला.

वरती तोगान पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते, दोन्ही मुठींत बुरणूस गच्च धरला होता.

"अगं," बोलुहान म्हणाला, "हा तर घाबरलाय!"

"घाबरणारच. खाली काय हलतंय ते त्याला दिसतं का? उगुई तर रडत होता. सेलुनने डोळेच उघडले नाहीत."

"इतकी वर्षं तू बघत होतीस, आणि मला कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? बाहेर आलात की किती खुशीत असायचात."

बोलुहानने वाडगा खाली ठेवला. मग त्याने हात उंचावला आणि खानाला ओरडून सांगितलं, "सरकार, भिऊ नका! डाव्या अंगाला टेका, तिथे एर्मू आहे, तो धरतो नीट!"