लेथवरचा हार

सातपूरच्या एका छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये सरुबाई आली ती खराटा घेऊन. ब्याण्णव साल असेल. माहेर घोटीकडचं, शाळा सातवीपर्यंत, नवरा वारलेला. काम एकच, लोखंड कातायच्या लेथ मशीनखाली पडलेला कीस झाडून पोत्यात भरायचा. कीस बोटांत घुसायचा, पण बाईची नजर तो पडतो कुठून, तिकडं.

लेथवर कारभारीदादा होते. जेवल्यावर ते निवांत तंबाखू मळत बसायचे. तेवढ्या वेळात तिला चाक फिरवू द्यायला लागले, आणि मग शिव्या देत देत सगळंच शिकवलं. चुकली की म्हणायचे, भात लावतीस काय, हात सैल सोड. दादा थकून गावी गेले तेव्हा मालक खंडेराव शेठनी दुसरा माणूस शोधलाच नाही. मशीन सरुबाईचं झालं.

शेडची एक रीत होती. खंडेनवमीला ज्याचं मशीन त्यानंच त्याला झेंडूचा हार घालायचा. हार वाळला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मशीन सोडून जाणाऱ्यानंच आपला हार उतरवून न्यायचा. दादांनीही जाताना नेला होता.

दोन हजार चारचा दसरा झाला आणि शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या कंपनीचं काम मिळायच्या बेतात होतं. उद्या साहेब पाहणीला येणार, त्यांना मशीनवर सर्टिफिकेटवालीच माणसं लागतात. तेव्हा शेडमधलाच आयटीआय झालेला महेश लेथवर उभा राहील, बाईनं तेवढा वेळ खराटा घ्यावा, असं शेठनी गोडीगुलाबीनं सांगितलं. ती ऐकून परत लेथवर गेली.

महेश पोरगा वाईट नव्हता. सकाळी लेथपाशी येऊन घुटमळला.

"मावशी, हार तेवढा काढा ना. शेठ म्हणतात, बरा नाय दिसत."

"तू काढ की."

"मी कसा काढू? तुमचा हाय."

"कळतंय ना? मग सरक तिकडं."

साहेब आले तेव्हा खराटा भिंतीला टेकलेला आणि सरुबाई पदर खोचून लेथवर. साहेबांनी शिक्षण विचारलं. शेठ घाईघाईनं हसले, म्हणाले, ही झाडूवाली हो, मशीन पुसतेय.

सरुबाईनं मशीन बंद केलं.

"झाडूवाली होते, चार वर्षं. आठ वर्षं ह्या मशीनवर हाय. तुमच्याकडं नमुना आला ना साहेब, तो माझ्या हातचा. कागद माझ्यापाशी नाय."

साहेबांनी मान हलवली. नमुना चांगला होता म्हणाले, पण नियमापुढं त्यांचाही इलाज नव्हता. ते गेले आणि शेठनी बाईच्या सगळ्या कुळाचा उद्धार केला. खराटा घेणार असशील तर राहा, नाहीतर फाटक उघडं आहे, म्हणाले.

"तो मी कवाच ठेवलाय शेठ. ठेवलेला परत उचलायची नाय."

तिनं वाळका हार उतरवला, पिशवीत घातला आणि चालती झाली.

लांब गेली नाही. त्याच गल्लीत समोर मनोज नावाच्या माणसाच्या शेडवर 'लेथसाठी कारागीर पाहिजे' अशी पाटी होती. त्यानंही आधी शिक्षणच विचारलं.

"मशीन चालू करा," ती म्हणाली, "मग विचारा."

त्यानं चालू केलं. परत काही विचारलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला तिनं दुप्पट लांब हार आणला. मनोजचं लेथ दाराशीच होतं. हार तिनं रस्त्याच्या अंगाला सोडला, शेठच्या फाटकातून नीट दिसेल असा.