आधी भरू दे

मॅडम कुठलंही बटण करंगळीनं दाबून बघायच्या. आम्ही अंगठ्यानं दाबून "चालतंय" म्हणालो, की त्या करंगळी पुढे करत. "अंगठ्याला काय गं, ताकद असतेच. हिला जमलं पाहिजे."

दोन हजारनंतरची ती वर्षं. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही बिनतारी घंट्यांची बटणं जोडायचो. मॅडमनी स्वतः बनवलेल्या त्या बटणांत बॅटरी नसायची. दाबलं की आतलं लोहचुंबक हलायचं, त्यातूनच थोडीशी वीज व्हायची आणि तेवढ्यावर संदेश लांबच्या घंटीपर्यंत जायचा. वीज इतकी थोडी, की आतलं सर्किट घाईनं जागं झालं तर संदेश अर्ध्यातच विझायचा. म्हणून मॅडमचा एकच धोशा, "आधी भरू दे, मग बोलू दे." वीज साठवणाऱ्या कपॅसिटरबद्दल त्या असं बोलत, जणू तान्ह्या बाळाला पाजताहेत. डबा अर्धा टाकून कुणी उठलं तरी हेच ऐकायला मिळे. आम्ही हसायचो. तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेलच.

मग माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. आमचं घर नंदाखालला, केळीची वाडी मागे बरीच लांब. मी कामावर, आई वाडीत. बाजारातली घंटी आणली होती. बटण बाबांजवळ, घंटी आईच्या कमरेला. एके दुपारी बटणातली बॅटरी संपली, ते कुणाला कळलंच नाही. बाबा खाटेवरून पडले आणि आई घरी येईपर्यंत तसेच जमिनीवर होते. दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर रडले.

रविवारी त्या स्कूटरवरून घरी आल्या. आमच्या गाळ्यातलं बटण बाबांच्या डाव्या हातात दिलं. पण त्याही बोटांत जोर नव्हता. बटण हललंच नाही. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काका, चूक तुमची नाही, बटणाची आहे," असं म्हणून त्या ते परत घेऊन गेल्या.

काही आठवड्यांनी पुन्हा आल्या, तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. नव्या बटणाला हलकीशी पट्टी होती. एकदा दाबलं की थेंबभर वीज. ती गळून न जाता साठत राहायची आणि पुरेशी झाली की संदेश एकदम सुटायचा.

"काका, दमानं. जमेल तेवढंच दाबा. काही वाया जात नाही."

बाबांनी दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. वाडीत घंटी वाजली आणि आई चिखलाच्या पायांनी धावत आली. "काय झालं? काय पाहिजे तुम्हाला?"

बाबांना काहीच नको होतं. त्यांनी खाटेवर शेजारची जागा हातानं थोपटली. आई बसली. दोघंही हसत होती.

पुढे नवऱ्याची बदली झाली म्हणून मॅडम बंगळूरला गेल्या. गाळा बंद पडला. त्यांचा पत्ताही माझ्याकडे राहिला नाही. बाबा मात्र शेवटपर्यंत त्या बटणानं आईला बोलवत राहिले.

बाबांनी पहिल्यांदा घंटी वाजवली त्या दुपारी मी आभार मानायला ओटीवर गेले, तर मॅडम खांबाला टेकून गाढ झोपल्या होत्या. चहा बशीतच निवला होता. आई केळ्यांची फणी त्यांच्या स्कूटरला बांधत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि ओटीवर चढणाऱ्या कोंबड्यांना पदरानं, आवाज न करता, पलीकडे हाकललं.