'सूप' नावाचा अल्बम

घरात कोणी अल्बम काढला की गाणी मोजकीच तयार होतात, किस्से मात्र संपता संपत नाहीत. आमच्याकडे अल्बम काढला माझ्या बायकोने, अमृताने. कंपनी नाही, प्रोड्यूसर नाही, सगळं स्वतःच! वाईकडच्या तिच्या आत्या-मावश्या दळता-पाखडताना म्हणायच्या त्या ओव्या, आणि त्याच चालींवर तिने लिहिलेली नवी गाणी. साउंड इंजिनिअर मी. पात्रता काय? माझ्याकडे हेडफोन होते!

*

हूफडॉर्पला, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ, आमच्या घरावरून विमानं जातात. त्यामुळे रेकॉर्डिंग कोटांच्या कपाटात. अमृता आत, मी दाराबाहेर. ओवी शेवटच्या शब्दावर आली की विमान! पुन्हा टेक, पुन्हा विमान. वैतागून मी म्हटलं, "राहू दे ना, इफेक्ट वाटेल."

कपाटातून आवाज आला, "तू गप्प बस. तोही इफेक्टच वाटेल!"

*

अल्बमचं नाव 'सूप'. धान्य पाखडायचं सूप. डचमध्येही सूप म्हणजे प्यायचंच, हे मी सांगून थकलो. "कव्हरवर चित्र आहे ना, कळेल लोकांना," ती म्हणाली.

पहिल्यांदा ऐकवायला शेजारच्या मारायकेबाईंना बोलावलं. त्या ब्रेड घेऊन आल्या! गाणी संपेपर्यंत त्यांचं लक्ष किचनकडे. निघताना मला हळूच म्हणाल्या, "सुंदर गाते हं. आणि सूप?"

*

गाणी ऑनलाइन टाकायची तर साइटला गीतकाराचं नाव हवं. ओव्यांपुढे आम्ही लिहिलं, 'पारंपरिक'. उत्तर आलं, "श्री. पारंपरिक यांची लेखी परवानगी जोडा."

अमृताने लांबलचक मेल लिहिला. हा कोणी माणूस नाही, या पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या बायका आहेत वगैरे.

पुन्हा उत्तर, "मग सगळ्यांची जोडा."

*

गणपतीत इथल्या मराठी मंडळाने गायला बोलावलं. समितीतले कुलकर्णी म्हणाले, "ओव्या जरा फास्ट होतील का? नाही, पब्लिक नाचलं पाहिजे!" आणि तिला बसवलं फॅशन शो आणि जेवणाच्या मधे.

दुसरी ओवी चालू असताना मागून घोषणा झाली, "मंडळी, मसालेभात गरम आहे!" हॉल रिकामा. उरलो मी आणि एक झोपलेलं बाळ. अमृताने ओवी पूर्ण केली, नमस्कार केला आणि खाली उतरली.

गाडीत म्हणाली, "हा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम."

*

पण लायडस्खेनडामच्या लायब्ररीतला कार्यक्रम आधीच ठरला होता. नाइलाजाने गेलो. दुपारची वेळ, थोडी वयस्क मंडळी, आणि नेमकं हळव्या जागी घुरघुरणारं कॉफी मशीन. पुढच्या रांगेत एक उंच आजोबा डोळे मिटून बसलेले. मी म्हटलं, झोपले! गाणं संपलं तेव्हा पाहिलं, तर ते रडत होते.

अमृता खाली उतरून त्यांच्याजवळ गेली. तोडक्यामोडक्या डचमध्ये विचारलं, "शब्द कळले तुम्हाला?"

"छे! पण माझी आई गोठ्यात दूध काढताना असंच काहीतरी गायची. किती वर्षांत आठवलं नव्हतं." आणि त्यांनी ती चाल अडखळत गुणगुणून दाखवली.

अमृताने खुर्ची ओढली, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. "आणि शब्द? शब्द काय होते?"

आजोबा चक्क वैतागले.

"मला काय माहीत? ती गायीसाठी गायची!"