घरच्याची भवानी

मी बेंगळूरला निघालो त्या सकाळी आप्पा मला पोचवायला स्टँडवर आले नाहीत, कारण भवानी झाली नव्हती.

हे वाचून निपाणीत कुणाची भुवई उंचावणार नाही. पण तिथून उठून परगावी गेलेल्यांची पोरं हे वाचतील, म्हणून सांगतो. भवानी म्हणजे दुकानातली दिवसाची पहिली विक्री. ती झाल्याशिवाय दुकानदार गल्ला सोडत नाही, उधार देत नाही, पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. आमचे आप्पा त्याही पुढचे. भवानीआधी ते पाण्याशिवाय तोंडात काही घालत नसत. आमचं दुकान दोराचं. कासरे, दावी, म्होरक्या, बेंदराच्या सणाला बैलांना बांधायचे गोंडे, म्हणजे जनावर बांधायचं आणि नटवायचं सगळं सामान.

आई पुढं स्टँडकडं गेली होती. मी बॅग खांद्याला लावून दुकानाच्या पायरीशी उभा. रस्त्यावर गिऱ्हाइकाचा पत्ता नाही.

"आप्पा, मीच घेतो एक दावं. धरा भवानी आणि चला," मी म्हणालो.

आप्पा हसले. "घरच्याची भवानी धरत न्हाईत रं. आपल्याच हिरीतलं पानी काढून आपल्याच हिरीत वतल्यागत हाय ते. तू हो म्होरं, आलोच मी."

मी पुढं झालो आणि बेळगावची गाडी सुटली. गाडी वळणाआड गेली न गेली तोच आप्पा धापा टाकत स्टँडवर पोचले, असं आईनं नंतर फोनवर सांगितलं. गिऱ्हाईक आलं होतं, पण त्याला कासरा पसंत करायला वेळ लागला. आप्पांनी त्याला घाई केली नाही. भवानीच्या गिऱ्हाइकाला घाई करत नाहीत.

या शब्दाचं मूळ काय, यावर आमच्या घरात एकदा वाद झाला होता. शाळेतले मराठीचे सर म्हणाले होते, मूळ शब्द बोहनी. आपल्या लोकांनी त्यात देवी पाहिली आणि भवानी करून टाकली. मी मोठ्या ऐटीत ते आप्पांना सांगितलं. आप्पांच्या लेखी पहिली विक्री देवीची, म्हणून तर पैसे डोळ्यांना लावायचे. ते शांतपणे म्हणाले, "सरांचं दुकान कुठं हाय?" तिथं वाद संपला.

बरोबरीचे सगळे कोल्हापूर-पुण्याकडं सरकले आणि मी उलट्या दिशेला गेलो, म्हणून तुम्ही निपाणीकर मला हसलात. निपाणी कर्नाटकात, म्हणून राजधानी आपलीच, पण परकी. नोकरीही अशी की हसू यावं. दोरवाल्याचा मुलगा इंटरनेटवर सामान विकणाऱ्या कंपनीत! आमच्या या दुकानाला शटर नाही. ते उघडतच नाही, कारण बंदच होत नाही. ऑर्डरी अखंड येतात, डॅशबोर्डवर आकडे पळतात. यातली पहिली कुठली म्हणायची, असं मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं. सगळ्यांना वाटलं, मी विनोद केला.

पण ऑफिसखालीच एक बाई गाड्यावर मोसंबी विकायची. सुरुवातीच्याच दिवसांत मी सकाळी तिच्याशी घासाघीस करायला लागलो, तर ती कळवळून म्हणाली, "इन्नू बोणी आगिल्ल, सार." अजून बोणी झाली नाही. मी मुकाट्यानं मागेल तो भाव दिला. तिनं नोट तराजूला टेकवली, मग डोळ्यांना लावली, अगदी आप्पांसारखी. मी तिथूनच आप्पांना फोन केला.

"म्हंजे तितं बी हाय की!" आप्पा खूश झाले. "मग मानसं बरी असतील."

माणसं खरंच बरी निघाली. मी राहिलो. लग्न झालं, फ्लॅट झाला, मुलगी शाळेत कन्नड आणि इंग्रजीत बोलायला लागली. इकडं संकेश्वरपासून निपाणीपर्यंत शेतात ट्रॅक्टर फिरायला लागले आणि गोठे रिकामे झाले. एके काळी आमच्या दुकानाला वर्षातून दोन हंगाम असायचे. आधी कर्नाटकी बेंदूर, मग महिन्याभरानं कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडच्यांचा महाराष्ट्राचा बेंदूर. "सरकारं भांडू द्यात, आपल्याला दोन बेंदूर," असं आप्पा म्हणायचे. आता दोन्ही मिळून एकाएवढंही गिऱ्हाईक होत नाही.

मग आईचे फोन सुरू झाले. "दुपार टळली, अजून भवानी न्हाई. ह्येनी जेवायला येईनात. तू तरी सांग की रं." मी सांगायचो. आप्पा ऐकून घ्यायचे आणि बसून राहायचे. म्हाताऱ्या माणसानं एका गिऱ्हाइकापायी उपाशी बसायचं, याचा मला राग यायचा. आणि मी तिथं नाही, याचं वाईट वाटायचं. त्या रागाचं निम्मं कारण तेच होतं.

शेवटी मी युक्ती केली. निपाणीतल्या एका शाळासोबत्याला फोन करून सांगितलं, रोज सकाळी दुकानात जाऊन काहीतरी घेत जा. पठ्ठ्या बँकेत कामाला, घरात मांजरसुद्धा नाही. त्यानं म्होरकी मागितली. आप्पांनी विचारलं, म्हशीला का वासराला? तो म्हणाला, "मधल्या मापाची द्या." आप्पांनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. मला फोनवर एवढंच म्हणाले, "सोंगाची भवानी लागत न्हाई रं."

यंदा बेंदराला गेलो होतो. दुपारी आईनं ताटं मांडली आणि मला दुकानाकडं पिटाळलं. आप्पा गल्ल्यावर बसले होते, हात मांडीवर, डोळे रस्त्याला. खूप वाळले होते. गोंडे टांगलेले तसेच. बोलायचं काय, म्हणून मी म्हणालो, "आप्पा, आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला दोरी लागतीया. तिकडची प्लॅस्टिकची उन्हानं तुटती."

"खरंच लागतीया?"

"व्हय. तुमची सून कवापास्नं म्हंतीया."

आप्पा उठले. बाल्कनी केवढी, विचारलं. हातानं मापून दोरी कापली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि हात पुढं केला. मला क्षणभर कळेना. मग मी खिशातून नोट काढून दिली. त्यांनी ती दोन्ही डोळ्यांना लावली, देवीच्या फोटोला टेकवली आणि गल्ल्यात ठेवली.

"झाली बघ भवानी. चल, जेवू."

आप्पा जेवणार याचा मला इतका आनंद झाला, की अर्धी वाट मी बडबडतच चाललो. मग हातातल्या दोरीकडं लक्ष गेलं आणि निघायच्या सकाळी आप्पांनी मला न विकलेलं दावं आठवलं. आप्पा पुढं चालले होते, भूक लागलेल्या माणसासारखे भराभर.

ती दोरी आता बेंगळूरच्या बाल्कनीत आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून निपाणीच सांगतो. त्या दिवशी आप्पांनी माझ्यासाठी नियम मोडला असेल, असंही स्वतःला सांगतो. पण भवानीचा नियम मोडताना मी त्यांना कधीच पाहिलेलं नाही.